खात्यात उतरणारा मालक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कारखान्यात मालकाची केबिन आणि कामगाराचे यंत्र यांच्यात अंतर किती असते? पायांनी मोजले तर फार तर शंभर-दोनशे पावले. पण कामगाराच्या तोंडून निघालेली एखादी गोष्ट तेवढी वाट चालायला कधी तीन आठवडे घेते, कधी तीन वर्षे, आणि पुष्कळदा ती पोचतच नाही. मालकाचा हुकूम मात्र त्याच वाटेने पाच मिनिटांत खाली येतो. वरून खाली उतार आहे, खालून वर चढ आहे. हा चढ कशाने तयार होतो आणि तो कमी कसा करता येईल, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

मी नोकरीची तीसेक वर्षे वऱ्हाडातल्या कारखान्यांत कामगार कल्याण अधिकारी म्हणून काढली. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात असा अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते. नेमणूक मालकाने करायची, पगार मालकाने द्यायचा आणि गाऱ्हाणी कामगारांची ऐकायची, अशी ही नोकरी. निवृत्तीनंतर अकोल्यात जठारपेठेत स्थायिक झालो. संध्याकाळी फिरायला निघालो की सावतराम मिल आणि मोहता मिलमध्ये आयुष्य घालवलेली म्हातारी मंडळी भेटतात. या गिरण्या पुढे सरकारी महामंडळाकडे गेल्या आणि अखेरीस बंद पडल्या. भोंगा थांबल्यालाही आता बरीच वर्षे झाली.

या मंडळींशी बोलताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. पगार किती होता, हे त्यांना आठवून सांगावे लागते. कोणता साहेब खात्यात यायचा, हे आठवावे लागत नाही. ‘तो रातपाळीले यायचा जी. साच्यापाशी उभा राहे. काय अडलं म्हून विचारे.’ चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी विचारलेला एक प्रश्न माणूस अजून जपून ठेवतो. आणि दुसरा कोणी म्हणतो, ‘आमी त शेटजीचं तोंड दिवाळीच्या पूजेलेच पाह्यलं.’ हेही तो विसरलेला नाही.

पाचातला एक गैरहजर

या विषयावर बोलणारे लोक बहुधा अमेरिका आणि जपानपासून सुरुवात करतात. आपल्याला तेवढ्या लांब जाण्याची गरज नाही. रेल्वेने चार-पाच तासांवर असलेल्या नागपुरापासून सुरुवात करता येते.

जमशेटजी टाटांनी नागपुरात काढलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली, म्हणून गिरणीला हे नाव. मुंबई सोडून नागपूर निवडण्यामागे हिशेब सरळ होता. कापूस वऱ्हाड-नागपूरकडचा, रेल्वे हाताशी, जवळपासच्या खाणींतला कोळसाही मिळण्याजोगा. गिरणीसाठी घेतलेली जागा जुम्मा तलावालगतची, दलदलीची. तिथे पैसा घालणे म्हणजे सोने मातीत पुरणे, असे म्हणून एका सावकाराने कर्ज नाकारल्याची गोष्ट टाटांच्या चरित्रात येते. पुढे गिरणी चालली तेव्हा त्यानेच कबूल केले म्हणे, की यांनी माती पुरली आणि सोने काढले.

पण सोने निघण्याआधी एक अडचण आली, आणि ती यंत्रांची नव्हती. नागपुरात साधारण पाचातला एक कामगार रोज गैरहजर असे. मुंबईत हे प्रमाण बरेच कमी होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे उपाय ठरलेला होता: दंड करा, काढून टाका. ‘इकडची माणसे आळशी’ असे म्हणून मोकळे होणेही सोपे होते. जमशेटजी आणि गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी वेगळा प्रश्न विचारला: माणूस येत का नाही? जो माणूस काल-परवापर्यंत शेतात होता, ज्याला गिरणीतल्या म्हातारपणाची काही शाश्वती नाही, हात गेला तर कोणी विचारणारे नाही, तो या नोकरीला आपली का म्हणेल?

याचे उत्तर म्हणून १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. देशात कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला, म्हणजे एम्प्रेसने ते अठ्ठावीस वर्षे आधी केले. खात्यांत हवा खेळती राहावी, दमटपणा हवा तेवढाच राहावा, आग लागली तर पाण्याचे फवारे सुटावेत, यासाठी यंत्रे बसवली. कामगारांच्या कुटुंबांसाठी खेळांचे आणि बक्षिसांचे दिवस सुरू झाले. गैरहजेरी हीसुद्धा कामगाराची भाषा असते आणि तिचा अर्थ लावायचा असतो, हे त्या माणसांना उमगले होते. मला या सगळ्यात ते सर्वांत मोठे वाटते.

एम्प्रेस मिलही अमर नव्हती. १९८० च्या दशकात ती टाटांकडून सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. चांगली वागणूक दिल्याने धंद्याला मरण येत नाही, असे मी म्हणणार नाही. बाजार बदलतो, यंत्रे जुनी होतात. पण शंभराहून अधिक वर्षे जी गिरणी चालली, तिच्या पायात ही समजूत होती, एवढे नक्की.

मधला माणूस

मालक आणि कामगार यांच्यात चढ तयार होतो तो मधल्या माणसामुळे. मुंबईच्या गिरण्यांत त्याला जॉबर म्हणत, बायकांच्या खात्यात नायकीण. आपल्याकडे तो मुकादम. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसाला गिरणीत चिकटवून देणारा जॉबर. कामावर कोणाला घ्यायचे, कोणाला बदलीवर ताटकळत ठेवायचे, कोणाला रजा द्यायची, हे सारे त्याच्या हातात. गावाहून आलेल्याला खोली मिळवून देणारा तो, अडीनडीला पैसे देणाराही तो. त्यामुळे कामगाराच्या लेखी गिरणीचा मालक म्हणजे जॉबरच. मालकाच्या लेखी कामगार म्हणजे जॉबरने आणलेली संख्या. दोघांनाही जॉबर सोयीचा होता, आणि तो दोघांकडूनही आपला वाटा घेत होता.

कामगारांच्या परिस्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशनचा अहवाल १९३१ मध्ये आला. त्यात जॉबरांच्या लाचखोरीवर बोट ठेवले होते. भरती त्यांच्या हातून काढा आणि गिरणीत स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमा, अशी शिफारस होती. मी ज्या जातीची नोकरी केली, तिचे मूळ तिथे आहे. म्हणजे मालकाने स्वतः खात्यात जाऊन जे ऐकायचे, ते ऐकण्यासाठी आणखी एक माणूस पगारी ठेवायचा! माझ्या पेशाविषयी मला अभिमान आहे, तरी ही गोष्ट मी विसरलो नाही. कल्याण अधिकारी असणे चांगले, पण तो आहे म्हणून मालकाला खात्यात जायला नको, असे झाले की तोही एक मधला माणूसच होतो.

मधल्या माणसाची जागा कधीकधी युनियनही घेते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले. या संपाची कारणे अनेक आहेत आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयापुरती एक बघू. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक युनियनला बोलणी करण्याचा अधिकार दिला होता. गिरण्यांत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. मालक कायद्याप्रमाणे त्या संघाशी बोलत, करार करत आणि कामगारांशी बोललो असे समजत. पण कामगारांचा मोठा भाग त्या संघाला आपला मानत नव्हता. कागदावर संवाद चालू होता, खात्यात खदखद चालू होती. बोनसवरून ठिणगी पडली तेव्हा खरे चित्र दिसले, पण तोवर उशीर झाला होता. तो संप रीतसर मिटलाच नाही. लाखाहून अधिक माणसांचे काम गेले आणि गिरणगाव उठले. त्यांपैकी कित्येक कुटुंबे सातारा, कोल्हापूर, कोकणातल्या आपापल्या गावी परतली.

निरोप कसा झिजतो

आता मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. असे कारखाने पुष्कळ आहेत.

एका सूतगिरणीत कार्डिंग खात्यात एका यंत्राच्या पट्ट्यावरचे झाकण सैल झाले होते. रातपाळीच्या कामगाराने ते तारेने बांधून ठेवले आणि मुकादमाला सांगितले, ‘हे कवाबी निंघन. हात सापडन कोनाचा.’ मुकादमाने सुपरवायझरला सांगताना म्हटले, ‘झाकण जरा ढिलं आहे, सवडीनं पाहा.’ सुपरवायझरने वहीत लिहिले, ‘गार्ड दुरुस्ती बाकी.’ आठवड्याच्या तक्त्यात इंजिनिअरने ते इतर कामांत मिळवले: ‘किरकोळ दुरुस्त्या, चार.’ महिन्याचा अहवाल संचालकांपुढे गेला, त्यात एकच ओळ होती: ‘देखभाल समाधानकारक.’

यात खोटे कोणी बोलले का? कोणीच नाही. प्रत्येकाने आपल्या वरच्याला ऐकायला बरे वाटेल इतपत टोक मोडले. चार ठिकाणी टोक मोडले आणि हात सापडेल हे वाक्य समाधानकारक झाले. तीन आठवड्यांनी त्याच कामगाराची दोन बोटे गेली. दवाखान्यात मी त्याच्याजवळ बसलो होतो. तो म्हणाला, ‘सांगतलं न जी म्या. तीनदा सांगतलं. आखीन कोनाले सांगाव?’

संचालक वाईट माणूस नव्हता. त्याने खर्च केला, भरपाई दिली, त्या माणसाला बसून करायचे काम दिले. पण सभेत त्याने रागाने विचारले, ‘मला हे कोणी सांगितले का नाही?’ हा प्रश्न मी नंतर आणखी दोन-तीन कारखान्यांत, वेगवेगळ्या साहेबांच्या तोंडून ऐकला. त्याचे उत्तर एकच आहे. सांगणाऱ्याची वाट तुमच्यापर्यंत येत नव्हती, आणि तुमची वाट त्याच्यापर्यंत जात नव्हती.

जे यंत्राच्या बाबतीत, तेच मालाच्या बाबतीत. कपाशीच्या जिनमध्ये रेच्यात कपाशी टाकणाऱ्या बाईला हाताला लागताच कळते, की हा माल ओला आहे, यात खडा आहे. तो खडा रेच्यात गेला तर ठिणगी पडू शकते आणि रुईला आग लागायला ठिणगी पुरते. डाळमिलमध्ये पोते पाठीवर घेणाऱ्या हमालाला पाठीवरच कळते, की तूर अजून सुकायची आहे. हे ज्ञान कोणत्याही संगणकाच्या पडद्यावर नंतर येते, या माणसांच्या हातापाठीला आधी येते. ते विचारले नाही तर फुकट जाते. आणि त्या बाईला वाटले, की सांगितले तर उलट आपल्यालाच काम थांबवले म्हणून बोलणी बसतील, तर ती खडा पाहूनही गप्प राहते.

काम करणारा मुकादम

मग मधला माणूस नकोच का? तसे नाही. हजार माणसांचा कारखाना मुकादमाशिवाय चालत नाही. प्रश्न असा आहे, की तो मुकादम काम करणारा आहे की नुसता काम करून घेणारा.

मुंबईचे डबेवाले हे याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेला हा व्यवसाय मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतल्या माणसांनी वाढवला. १९५६ मध्ये त्यांच्या संस्थेची नोंदणी झाली. करोनाच्या साथीत २०२० मध्ये कचेऱ्या बंद झाल्या आणि या मंडळींची संख्या फार घटली. त्याआधी सुमारे पाच हजार माणसे हे काम करत होती. त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. पंधरा-वीस माणसांची टोळी, तिचा एक मुकादम. पण हा मुकादम खुर्चीत बसत नाही. तो डबे लावतो, गाडीत चढवतो, कोणी आजारी पडला तर त्याची वाट स्वतः चालतो. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकतो तोच आणि टोळीतली भांडणे मिटवतो तोच. त्यामुळे टोळीतल्या माणसाचे म्हणणे त्याला समजावून सांगावे लागत नाही. पावसात सायकल ओढताना काय होते, ते त्याच्या पायांना ठाऊक असते.

किर्लोस्करवाडीची कथाही याच जातीची. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात मुंबईच्या तंत्रशाळेतले शिक्षक. बेळगावात सायकलींचे दुकान, मग चारा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशा समजुतीने शेतकरी तो नांगर आधी घेईनात. औंध संस्थानच्या अधिपतींनी जमीन दिली आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळरानावर, निवडुंग आणि साप यांच्या सोबतीने कारखान्याची वसाहत उभी राहिली. मालकाचे घर तिथेच आणि कामगाराचे घरही तिथेच. विहिरीला पाणी कमी पडले तर दोघांनाही कमी पडणार. समाजाने गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रखवालीचे काम दिले आणि त्यांनी ते इमानाने केले. हे धाडस दुरून होत नाही. माणूस रोज डोळ्यांपुढे असल्याशिवाय त्याच्यावर असा भरवसा टाकता येत नाही.

आपल्या दाराशी, शेगावला, श्री गजानन महाराज संस्थान आहे. तो धंदा नाही, श्रद्धेचे ठिकाण आहे. तरी हजारो माणसांच्या कामाची घडी कशी बसवावी, हे पाहायला व्यवस्थापनाचे विद्यार्थी तिथे येतात. शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक दशके ती व्यवस्था सांभाळली. ४ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले. संस्थानात राबूनही तिथले काही स्वतःसाठी न घेण्याचा त्यांचा नेम वऱ्हाडात घरोघरी माहीत आहे. झाडणाऱ्या, वाढणाऱ्या, चपला सांभाळणाऱ्या सेवेकऱ्याला नियम सांगणारा माणूस स्वतः त्याहून कडक नियम पाळतो, हे त्या सेवेकऱ्याला दिसत होते. तिथली स्वच्छता पाहून लोक दंडाची पाटी शोधतात. तिचे खरे कारण हे आहे.

दोरी ओढण्याचा हक्क

आता थोडे बाहेर पाहू. जपानच्या टोयोटा कारखान्यात ‘गेंबा’ हा शब्द फार मानाचा आहे. गेंबा म्हणजे प्रत्यक्ष काम होते ती जागा. तिथले ताइइची ओनो हे अधिकारी नव्या इंजिनिअरला खात्यात नेत, खडूने जमिनीवर एक वर्तुळ काढत आणि त्यात तासन् तास उभे राहून नुसते पाहायला सांगत. कोण वाकतो, कोण वाट पाहतो, कोणाचा हात कुठे अडतो, हे डोळ्यांना दिसल्याखेरीज सुधारणेची गोष्ट काढायची नाही. आणि तिथल्या साध्या कामगाराला, दोष दिसला तर दोरी ओढून सगळी रांग थांबवण्याचा हक्क असतो.

याची परीक्षा अमेरिकेत झाली. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. भांडणे, खराब माल आणि गैरहजेरी यांसाठी तो बदनाम होता. योगायोग असा, की तिथेही गैरहजेरी पाचात एकाच्या घरात होती. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा उघडला. युनियन तीच, बहुतेक कामगारही पूर्वीचेच. पण आता त्यांच्या हातात ती दोरी होती, आणि दोरी ओढली की साहेब धावत येऊन ‘काय अडले?’ असे विचारत होता. थोड्याच काळात मोटारी उत्तम निघू लागल्या आणि गैरहजेरी अगदी खाली आली. माणसे तीच, मग बदलले काय? त्यांच्या बोलण्याला किंमत आली. मात्र त्याच कंपनीला इतर कारखान्यांत ही रीत रुजवणे जड गेले. दोरी बसवता येते, पण ओढणाऱ्यावर साहेब डाफरणार असेल, तर ती नुसती टांगून राहते.

मग करायचे काय?

एवढे ऐकून एखादा उत्साही उद्योजक म्हणेल, ‘उद्यापासून मी रोज खात्यात फेरी मारतो.’ मारावी, पण काही पथ्ये पाळून. माझ्या अनुभवातली चार-पाच सांगतो.

पहिले पथ्य, वर्दी देऊन जाऊ नये. साहेब येणार म्हटले की चुना फासला जातो, तुटके झाकण फडक्याखाली जाते आणि बोलके कामगार त्या दिवशी दुसऱ्या खात्यात पाठवले जातात. रातपाळीला जावे. पहाटे तीन वाजता कारखाना खरे बोलतो.

दुसरे, ‘काही अडचण आहे का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ‘नाही साहेब’ हेच येते. ‘आज काम कशाने थांबले? कालच्यापेक्षा जास्त वाकावे कशाने लागले?’ असे विचारावे. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते.

तिसरे, ऐकलेले वहीत लिहावे आणि त्याचे काय झाले ते त्याच माणसाला परत जाऊन सांगावे. होणार नसेल तर का होणार नाही, तेही सांगावे. हे सर्वांत महत्त्वाचे. ऐकून घेऊन काहीच न करणारा साहेब न ऐकणाऱ्या साहेबापेक्षा वाईट. त्याने आशा दाखवून मोडलेली असते.

चौथे, मुकादमाला डावलून तिथल्या तिथे हुकूम देऊ नये. आज कामगारापुढे मुकादमाचा पाणउतारा केला, तर उद्या तो त्या कामगारावर डूख धरणार. ऐकावे सगळ्यांचे, निर्णय मात्र योग्य वाटेने खाली यावा. आणि वाईट बातमी आणणाऱ्या मुकादमाला शाबासकी द्यावी, म्हणजे पुढच्या वेळी तो टोक मोडणार नाही.

पाचवे, ठेकेदाराच्या माणसांना वगळू नये. आज पुष्कळ कारखान्यांत अवघड आणि धोक्याचे काम त्यांच्याच वाट्याला असते. पगारपत्रक ठेकेदाराचे असेल, पण हात तुमच्या यंत्रात आहे.

आणखी एक इशारा. मालकाची फेरी म्हणजे युनियनला पर्याय नव्हे. टाटांच्या जमशेदपूरमध्ये १९१२ पासून आठ तासांचा दिवस होता, दवाखाना होता, घरे होती. तरी तिथे १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये मोठे संप झाले. सोयी दिल्या म्हणजे ऐकून घेतले असे होत नाही. पुढे १९४० च्या दशकात जे. आर. डी. टाटांनीच आपल्या सहकाऱ्यांपुढे मुद्दा मांडला, की तीस हजार यंत्रे असती तर त्यांची निगा राखायला आपण खास खाते काढले असते, पण मन आणि जीव असलेली तीस हजार माणसे आपोआप सांभाळली जातील असे आपण धरून चाललो. १९५६ च्या करारात तिथल्या युनियनबरोबर संयुक्त सल्लामसलतीची रीत बसवण्यात आली. माणूस एकटा साहेबाशी बोलताना जे बोलू शकत नाही, ते त्याचा प्रतिनिधी बोलू शकतो. दोन्ही वाटा उघड्या हव्यात.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची कार्य समिती नेमण्याची तरतूद होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती ठेवली आहे आणि वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समितीची सोय केली आहे. अशा समित्यांची इतिवृत्ते मी पुष्कळ पाहिली आहेत. चहाचा दर्जा, गणपतीची वर्गणी, संडासाची डागडुजी यापुढे बहुतेकांची गाडी जात नाही. समिती कागदावर राहते की कामाला लागते, हे मालक तिच्या बैठकीला स्वतः बसतो की आपला कारकून पाठवतो, यावर ठरते.

आपल्या गावात

आज आपल्या वऱ्हाडात मोठ्या गिरण्या राहिल्या नाहीत. अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत डाळमिल आहेत, तेलाचे कारखाने आहेत, तालुक्यातालुक्यांत जिन आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठेला कापडाचे मोठे कारखाने उभे राहिले आहेत. म्हणजे दोन टोके आहेत. मोठ्या कारखान्याचे निर्णय मुंबई-पुण्यात होतात. लहान कारखान्याचा मालक गावातच असतो, वडिलांबरोबर लहानपणी पोत्यांवर खेळलेला असतो. पण आता तोही घरबसल्या मोबाइलवर कॅमेऱ्यातून मिल पाहतो. कॅमेऱ्यात माणूस दिसतो, त्याचे बोलणे येत नाही. हमाल बसलेला दिसतो, तो पाठ भरली म्हणून बसला की कामचुकार म्हणून, ते दिसत नाही.

लहान मालकाला वाटते, की हे सगळे टाटा-किर्लोस्करांनी करायचे, आमचे पंचवीस-तीस माणसांचे काम. खरे तर त्याचीच सोय जास्त. त्याला समिती नको, सल्लागार नको, पाहणीचे फॉर्म नकोत. पंचवीस माणसांची नावे पाठ असणे कठीण नाही. कोणाची मुलगी बारावीला आहे, कोणाच्या डोळ्याला पडदा आला आहे, कोण तूर उतरवताना हल्ली थांबतो, हे त्याला चहा पिता पिता कळू शकते. ज्या सीझनला पाऊस लांबतो आणि माल ओला येतो, त्या सीझनला त्याचा धंदा वाचेल तो या माणसांच्या हाताच्या पारखीवर.

आणि फायदा-तोटा क्षणभर बाजूला ठेवला तरी एक हिशेब उरतो. दवाखान्यातला तो माणूस आता माझ्याएवढा म्हातारा झाला असेल. त्याने तीनदा सांगितले होते. चौथ्यांदा सांगण्याची वेळ कोणावर येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. ज्यांच्या हाताखाली पाच माणसे असोत की पाच हजार, त्यांनी या आठवड्यात एकदा तरी, कोणाला न सांगता, आपल्या खात्यात उतरावे, यंत्रापाशी उभे राहावे आणि विचारावे, ‘भाऊ, काय अडलं?’ मग उत्तर येईपर्यंत थांबावे. उत्तर लगेच येणार नाही. सवय तुटलेली असते. पण थांबले तर येते.